जाणीव निव्वळ भौतिक आहे काय? सोलापुरातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

विजापूर रस्त्यालगतच्या एका खासगी अभ्यासिकेच्या दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी संध्याकाळी एक सशुल्क अभ्यासवर्ग भरतो. विषय एकच आहे: माणसाला दुखते, दिसते, चव कळते, आठवण येते, हे सारे अनुभवणे म्हणजे मेंदूतील भौतिक घडामोडच आहे, की त्या घडामोडीखेरीज आणखी काही मानावे लागते? एकूण १० सत्रे, प्रत्येकी दोन तासांची, शुल्क १५०० रुपये. नुकतीच संपलेली तुकडी मी पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत केली, आणि पुढच्या तुकडीत नाव घालावे की नाही असे ओळखीच्या अनेकांनी विचारल्यामुळे हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: नाव अवश्य घालावे. युक्तिवाद कसा मांडावा आणि कसा तपासावा हे इतक्या काटेकोरपणे शिकवणारे दुसरे काही मला या शहरात आढळलेले नाही. मात्र भारतीय दर्शनांच्या वाट्याला जी घाई आली ती मला फार खटकली, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिणे भाग आहे.

मार्गदर्शिका तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. वर्गातील लहानथोर सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांची शिस्त अशी की कोणताही युक्तिवाद आधी फळ्यावर दोन-तीन आधारविधाने आणि एक निष्कर्ष अशा रूपात उतरवायचा, आणि मगच त्यावर बोलायचे. कोणी म्हणाले, "मॅडम, हे काही मनाला पटत नाही," की त्या विचारतात, "कितवे विधान पटत नाही?" पहिल्या एक-दोन सत्रांत या प्रश्नाने काही मंडळी बिचकली, पण पुढे हीच सवय सर्वांच्या अंगवळणी पडली. आपल्याकडे जाणिवेचा विषय निघाला की पाच मिनिटांत एक बाजू आत्मा आणि पुनर्जन्म यांवर येते आणि दुसरी बाजू 'विज्ञानाने हे केव्हाच सिद्ध केले आहे' असे सांगून मोकळी होते. दोघांपैकी कोणालाही आपले नेमके कोणते विधान समोरच्याला अमान्य आहे हे ठाऊक नसते. या वर्गात ते ठाऊक होते. मी स्वतः पदार्थविज्ञान शिकवतो, आणि या एका सवयीसाठी पूर्ण शुल्क सार्थकी लागले असे मी मनापासून म्हणेन.

आरंभ फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपासून होतो. शरीर आहे की नाही याबद्दल मी शंका घेऊ शकतो, पण मी विचार करतो आहे याबद्दल शंका घेऊ शकत नाही, तेव्हा विचार करणारा 'मी' आणि शरीर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हा त्याचा १६४१ मधील युक्तिवाद. त्यातील दोष दाखवण्यासाठी मॅडमनी जे उदाहरण घेतले ते सोलापूरकराला कधीही विसरता येणार नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला हे एखाद्याला पक्के माहीत आहे. चीनमध्ये रुग्णसेवा करता करता १९४२ साली निधन पावलेल्या के दीहुआ या डॉक्टरबद्दलही त्याने ऐकले आहे, पण तो सोलापूरचा होता की नाही याची त्याला शंका आहे. कोटणिसांबद्दल शंका नाही, के दीहुआबद्दल शंका आहे, म्हणून ही दोन वेगळी माणसे ठरतात काय? अर्थातच नाही, के दीहुआ हे कोटणिसांचेच चिनी नाव, माणूस एकच. शंका आपल्या माहितीत आहे, त्या माणसात नाही. देकार्तला बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथ यांनी १६४३ मध्ये पत्रातून विचारलेला प्रश्नही, म्हणजे जागा न व्यापणारा आत्मा जागा व्यापणाऱ्या शरीराला हलवतो तो कसा, याच सत्रात झाला. देकार्तच्या उत्तरावर फार वेळ गेला नाही आणि तो जायला नकोच होता.

भौतिकवादाची बाजू दुसऱ्या सत्रात आली आणि ती त्रयस्थपणे, पूर्ण ताकदीने मांडली गेली. यू. टी. प्लेस यांनी १९५६ मध्ये आणि जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९५९ मध्ये असे मांडले की वीज चमकणे म्हणजे जसे विद्युत्भारांचे वहन, त्याहून वेगळे काही नाही, तसेच संवेदना म्हणजे मेंदूतील प्रक्रिया. आधाराला उदाहरणे भरपूर होती. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंगाच्या स्फोटात लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेलेला फिनिअस गेज जगला, पण त्याच्या स्वभावात पालट झाला. १८४६ मध्ये बोस्टनला ईथर देऊन शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली, तेव्हापासून जाणीव रसायनाने मालवता आणि पुन्हा जागवता येते हे जगजाहीर आहे. वर्गात शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या एक परिचारिका होत्या. त्यांनी सांगितले ते सर्वांनी कान देऊन ऐकले: भूल देताना पेशंटला आकडे मोजायला सांगतात, तो मोजू लागतो, आवाज किंचित जड होतो, आणि एखाद्या आकड्याच्या मध्येच तो थांबतो, शुद्धीवर आल्यावर त्याला मधले तास नव्हतेच असे वाटते, 'ऑपरेशन कधी करणार' असे तो विचारतो. झोपेतून उठलेल्या माणसाला थोडा तरी काळ गेल्याची जाणीव असते, इथे तीही नसते, असे त्या म्हणाल्या. द्रव्याचा आणि जाणिवेचा संबंध किती घट्ट आहे हे याहून स्पष्टपणे कोणत्या पुस्तकाने सांगितले असते असे मला वाटत नाही. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसादहीन अवस्थेतील एका तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले आणि तिच्या मेंदूच्या चित्रणात निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली, याचाही उल्लेख झाला. मात्र हे उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येते हे मॅडमनी लगेच दाखवून दिले, कारण एरवी बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काहीच जाणवत नव्हते.

तिसरे सत्र मला संपूर्ण वर्गातील सर्वांत श्रीमंत सत्र वाटले. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सने १७१४ मध्ये एक विचारप्रयोग मांडला आहे: विचार करणारे, संवेदना असणारे एखादे यंत्र आहे असे समजा, ते तेवढ्याच प्रमाणात मोठे करत न्या, इतके की गिरणीत शिरावे तसे आपण त्याच्या आत शिरू शकू. आत काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग. संवेदना कुठेच दिसणार नाही. म्हणून संवेदना यंत्ररचनेत शोधण्यात अर्थ नाही. वर्गात अशोक चौकाच्या बाजूचे एक वयस्क गृहस्थ होते. आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणलेल्या या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणत. मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या आधाराने नक्षी विणणारी जोडणी म्हणजे जॅकार्ड. ते म्हणाले, "मॅडम, जॅकार्डच्या खाली उभं राहून वर बघा. पुठ्ठे सरकताना दिसतील, हुक वरखाली होताना दिसतील, ताण्याचे धागे उचललेले दिसतील. मोर कुठं दिसणार नाही. म्हणून काय मोर मागात नाही म्हणायचं? चादर उलगडली की तो दिसतोच."

मला हे उत्तर अप्रतिम वाटले. भागांमध्ये उभे राहून जे दिसत नाही ते त्या भागांपासून बनलेले नाही असे ठरत नाही, हा लाइब्निट्सच्या युक्तिवादावरील नेमका आक्षेप आहे, आणि तो स्वतः मोर विणलेल्या माणसाकडून आला. मॅडमनी त्याला मान दिला, फळ्यावर लिहून घेतला, आणि मग त्यांनी अण्णांनाच विचारले की पुठ्ठे हातात दिले तर चादर न विणता मोर सांगता येईल काय. अण्णा म्हणाले, येईल, वेळ लागेल पण येईल; नक्षीकार आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून मोर काढतो, त्यावरूनच पुठ्ठ्याला भोके पडतात, तेव्हा भोकांवरून उलट मोर काढता येणारच. कोणता धागा केव्हा वर आणि केव्हा खाली हे पूर्ण कळले की मोर कळायचे काही शिल्लक राहत नाही. मग मॅडमचा पुढचा प्रश्न आला: मेंदूतील कोणती पेशी केव्हा उद्दीपित होते हे पूर्ण कळले, तर दाढदुखी कशी असते हे, जिला दाढदुखी कधीच झालेली नाही अशा व्यक्तीला, त्यावरून काढता येईल काय? मोराच्या बाबतीत 'हो' म्हणण्याची रीत आपल्या हाती आहे. दाढदुखीच्या बाबतीत ती अजून कोणाच्याही हाती नाही. म्हणजे अण्णांच्या आक्षेपाने लाइब्निट्सचा युक्तिवाद कोसळतो, पण तेवढ्याने भौतिकवाद उभा राहत नाही. प्रतिपक्षाचा पुरावा मोडणे आणि आपला पक्ष सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या संध्याकाळी वर्गातील प्रत्येकाला कळले असावे.

चौथ्या आणि पाचव्या सत्रात याच प्रश्नाला आधुनिक रूप मिळाले. टॉमस नेगल यांचा १९७४ मधील वटवाघळाचा मुद्दा प्रथम आला: प्रतिध्वनीवरून वस्तू ओळखणाऱ्या या प्राण्याच्या शरीराबद्दल आपण सारे शिकू शकतो, पण वटवाघूळ असणे हे वटवाघळाला कसे वाटते हे त्यातून हाती लागत नाही. त्यानंतर फ्रँक जॅक्सन यांची १९८२ मधील मेरी. ही शास्त्रज्ञ जन्मापासून काळ्यापांढऱ्या खोलीत वाढली आहे, आणि तिथेच राहून तिने रंगदृष्टीबद्दलची सर्व भौतिक माहिती मिळवली आहे. एके दिवशी ती बाहेर पडते आणि पिकलेला टोमॅटो पाहते. तिला काही नवे कळते की नाही? फळ्यावर तीन ओळी लिहिल्या गेल्या: बाहेर पडण्यापूर्वी मेरीला सर्व भौतिक माहिती होती, बाहेर पडल्यावर तिला नवी माहिती मिळाली, म्हणून सर्व माहिती भौतिक नसते.

पहिले विधान नाकारणारेही वर्गात निघाले, पण खरी झटापट दुसऱ्या विधानावर झाली. डेव्हिड लुईस यांच्या मते मेरीला नवी माहिती मिळत नाही, नवी क्षमता मिळते: लाल रंग ओळखण्याची, आठवण्याची, कल्पनेत आणण्याची. पोहण्याविषयीचे सारे वाचलेल्या माणसाला पाण्यात पडल्यावर जे येते ते नवे ज्ञान नव्हे, कौशल्य होय. मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण टोमॅटो पाहण्याच्या त्या एका क्षणी मेरीला जे गवसते ते पुढे कधी काही ओळखण्याची क्षमता तिच्यात आली नाही तरी गवसलेलेच असते. दुसरे उत्तर अधिक भक्कम आहे: मेरीला कळलेली वस्तुस्थिती जुनीच आहे, ती कळण्याची वाट नवी आहे. इथे मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात पुन्हा कोटणीस आणि के दीहुआ ही दोन नावे लिहिली. माहितीत तफावत आहे म्हणून वस्तूत तफावत आहे असे नाही.

मला वाटते, या वर्गाचे सार याच ठिकाणी आहे, आणि इथेच मी मॅडमच्या एक पाऊल पुढे जाऊन थोडे अधिक म्हणू इच्छितो. कोटणीस आणि के दीहुआ एकच आहेत हे आपण कशाच्या बळावर म्हणतो? सोलापुरातला जन्म, वैद्यकीय शिक्षण, १९३८ मध्ये चीनला गेलेले वैद्यकीय पथक, तिथले काम, तिथला मृत्यू, असा एक सलग माग काढता येतो. एका नावापासून निघून दुसऱ्या नावापर्यंत पावलापावलाने पोहोचता येते. पाणी आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचा रेणू यांच्या बाबतीतही तसेच: रेणूंची रचना कळली की पाणी कोणत्या तापमानाला का उकळते हे समजावून सांगता येते. वेदना आणि मज्जातंतूंची हालचाल यांच्यामध्ये असा माग कोणालाही काढता आलेला नाही. जोसेफ लेव्हाइन यांनी १९८३ मध्ये हीच स्पष्टीकरणातील दरी दाखवून दिली होती. तेव्हा भौतिकवाद्याने 'तफावत फक्त ज्ञानात आहे' असे म्हणून समाधान मानू नये, कारण त्याच्याकडे अजून एकत्वाचे आश्वासन आहे, माग नाही. आणि द्वैतवाद्यानेही, म्हणजे जाणीव आणि शरीर वेगळे मानणाऱ्यानेही, या दरीकडे बोट दाखवून 'बघा, दोन वस्तू सिद्ध झाल्या' असे म्हणू नये, कारण न सापडलेला माग म्हणजे नसलेला माग नव्हे. ही दुहेरी शिस्त पाळणे कठीण आहे. वर्गाने ती बऱ्याच अंशी पाळली, आणि म्हणूनच मी त्याची शिफारस करतो.

पुढची दोन सत्रे तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांना दिली होती. जाणिवेचा 'कठीण प्रश्न' त्यांनी १९९५ मध्ये वेगळा काढून दाखवला: मेंदू भेद कसे ओळखतो, लक्ष कसे देतो, बोलतो कसा, हे प्रश्न अवघड असले तरी यंत्रणा सापडली की सुटणारे आहेत, पण हे सारे घडत असताना आतून काही वाटते ते का, हा प्रश्न यंत्रणा सापडल्यावरही उरतो. देहाने अणुरेणूपर्यंत आपल्यासारखाच, बोलण्यात वागण्यात तंतोतंत आपल्यासारखाच, पण आत कसलीही जाणीव नसलेला प्राणी कल्पिता येतो, तो कल्पिता येतो म्हणून शक्य आहे, आणि शक्य आहे म्हणून जाणीव भौतिक रचनेत सामावलेली नाही, हा त्यांचा युक्तिवाद फळ्यावर आला. 'कल्पिता येते' यावरून 'शक्य आहे' याकडे जाणारी पायरीच डळमळीत आहे असे माझे मत आहे. गणितातले एखादे न सुटलेले विधान खरे आहे असेही कल्पिता येते आणि खोटे आहे असेही. दोन्ही शक्य असू शकत नाहीत. या विषयावर दोन सत्रे खर्च झाली ती मला जास्त वाटली. तरुण मंडळींना मात्र हीच सत्रे सर्वांत आवडली, हेही नमूद करतो.

आठव्या सत्राबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्याने वर्गातील द्वैतवादी मंडळींना खरोखर कोंडीत पकडले. जेगवॉन किम यांनी मांडलेली अडचण अशी: पायाला ठेच लागते, मज्जातंतूंतून संदेश जातो, मेंदूत काही घडते, स्नायू आक्रसतात आणि तोंडून 'आई गं' निघते. या साखळीतील प्रत्येक कडीला पुरेसे भौतिक कारण असेल, तर भौतिकाहून वेगळी असलेली वेदना या साखळीत नेमके काय करते? काहीच करत नसेल तर 'दुखले म्हणून ओरडलो' हे आपले रोजचे वाक्य खोटे ठरते. करत असेल तर मेंदूत कुठेतरी भौतिक कारणाविना भौतिक घटना घडायला हवी, आणि तशी घटना आजवर कोणी नोंदवलेली नाही. हीच अडचण मेरीवर उलटते. बाहेर पडल्यावर ती "लाल म्हणजे हे होय!" असे म्हणते, पण हे उद्गार म्हणजे जिभेची आणि ओठांची हालचाल आहे, तिला भौतिक कारण पुरेसे असेल तर ज्या नव्या अनुभवाबद्दल ती बोलते आहे त्या अनुभवाचा तिच्या बोलण्याशी संबंधच उरत नाही. जॅक्सन यांनी १९८२ मध्ये हा निष्कर्ष धैर्याने स्वीकारला होता, आणि पुढे त्यांनीच तो सोडून भौतिकवादाची बाजू घेतली. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या युक्तिवादाविरुद्ध एक विचारवंत उभा राहतो, ही घटना मॅडमनी ज्या आदराने सांगितली त्यातून त्यांचा या विषयाशी असलेला जिव्हाळा दिसला.

माझ्या मते हे सत्र चाल्मर्सच्या सत्रांच्या आधी यायला हवे होते. शिवाय बर्ट्रंड रसेल यांनी १९२७ मध्ये मांडलेला विचार, की भौतिकशास्त्र आपल्याला द्रव्याची रचना आणि परस्परसंबंध सांगते, द्रव्याचे स्वतःचे स्वरूप सांगत नाही, हा अवघ्या काही मिनिटांत उरकला गेला. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मला त्याचे विशेष वाईट वाटले. वस्तुमान म्हणजे काय असे विद्यार्थ्याने विचारले तर आपण बल आणि त्वरण यांचे नाते सांगतो, विद्युत्भार म्हणजे काय असे विचारले तर आकर्षण-प्रतिकर्षण सांगतो. वस्तू काय करते ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. भौतिकाबद्दलची आपली समजच अर्धी असेल, तर 'जाणीव भौतिक आहे काय' हा प्रश्न विचारताना त्यातील 'भौतिक' या बाजूचीही चौकशी व्हायला हवी.

जाणिवेविषयीच्या वैज्ञानिक उपपत्तींचे नववे सत्र सामान्य होते. बर्नार्ड बार्स यांची १९८८ मधील आणि जूलिओ टोनोनी यांची २००४ मधील उपपत्ती पडद्यावरील चित्रांतून भराभर दाखवल्या गेल्या. लक्षात राहिली ती पैज: क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतील स्पष्ट खूण सापडेल, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी हार मान्य करून वाइनच्या बाटल्या दिल्या. यावर एका सदस्याने 'म्हणजे विज्ञान हरले' असे म्हटले, तेव्हा मॅडमनी त्यांना तत्काळ थांबवले: पैज मुदतीबद्दल होती, आणि खूण सापडली असती तरी ती खूण म्हणजेच जाणीव हे वेगळेच सिद्ध करावे लागले असते.

आता तक्रारीकडे वळतो. चार्वाक, न्याय, सांख्य आणि वेदान्त ही चारही दर्शने एकट्या दहाव्या सत्रात कोंबली आहेत. त्यातही चार्वाकांचे मत, की धान्य आंबवल्यावर जशी मादकता उत्पन्न होते तसे पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू या चार भूतांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, हे सांगून त्यावरचे खंडन एखाद्या वाक्यात आटोपले गेले. वास्तविक, दुसऱ्या सत्रात भुलेचे उदाहरण आले तेव्हाच ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायातील शंकराचार्यांचे भाष्य समोर यायला हवे होते. शरीर असेल तर चैतन्य दिसते, नसेल तर दिसत नाही, म्हणून चैतन्य शरीराचाच धर्म, म्हणजे गुण, या युक्तिवादाला आचार्यांचे उत्तर असे आहे: दिवा असेल तर वस्तू दिसते, नसेल तर दिसत नाही, पण म्हणून पाहणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही; दिव्याप्रमाणे देह हे नुसते साधन असू शकते. भूल, गेज, मेंदूची चित्रे, या साऱ्या पुराव्याला लागू पडणारा हा आक्षेप आहे. तो निर्णायक आहे असे मी म्हणत नाही. दिव्याखेरीज पाहणारा डोळा आपण स्वतंत्रपणे दाखवू शकतो, देहाखेरीज अनुभवणारा तसा दाखवता येत नाही, असे चार्वाकाला म्हणता येईल. पण हा वाद फळ्यावर उतरला असता तर काय बहार आली असती! त्याच भाष्यातील दुसरा मुद्दा, की जाणीव भूतांना विषय करते, म्हणजे जाणते, आणि कितीही तरबेज झाला तरी डोंबारी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही त्याप्रमाणे भूतांचा धर्म भूतांनाच विषय करू शकत नाही, त्याचा तर उच्चारही झाला नाही. न्यायसूत्रांतील युक्तिवादाचीही तीच गत: जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तिलाच मी हाताने स्पर्श करतो, तेव्हा दोन्ही इंद्रियांहून वेगळा असा एक ज्ञाता मानला पाहिजे. याला आजचा मेंदूशास्त्रज्ञ काय उत्तर देईल हा प्रश्न एका अख्ख्या संध्याकाळचा आहे.

सर्वांत मोठी हानी सांख्याची झाली. देकार्तचे द्वैत आणि सांख्याचे द्वैत यांना वर्गात एकाच ओळीत बसवले गेले, आणि ते बरोबर नाही. देकार्तने विचार करणे आत्म्याकडे ठेवले. सांख्यांनी बुद्धी, अहंकार आणि मन हे सारे प्रकृतीच्या, म्हणजे जड सृष्टीच्या, बाजूला टाकले, म्हणजे विचार, निर्णय, स्मरण ही जडाचीच कामे ठरली, आणि पुरुषाकडे, म्हणजे शुद्ध चैतन्याकडे, उरले ते केवळ साक्षित्व. आजच्या भाषेत सांगायचे तर मेंदू जे जे करतो ते सर्व भौतिक, आणि ते अनुभवले जाणे तेवढे वेगळे. चाल्मर्स यांनी सोपे प्रश्न आणि कठीण प्रश्न यांच्यात जी रेषा ओढली ती जवळजवळ याच जागी आहे. आणि किम यांची अडचणही सांख्याला चुकत नाही: पुरुष काहीच करत नसेल तर त्याचा आणि प्रकृतीचा संबंध काय? सांख्यकारिकेचा कर्ता ईश्वरकृष्ण याने त्यासाठी पांगळ्याने आंधळ्याच्या खांद्यावर बसण्याची उपमा दिली, पण पांगळा निदान वाट सांगतो, पुरुष तेही करत नाही. मराठी वाचकाला सांख्याची परिभाषा गीतेमुळे आणि ज्ञानेश्वरीमुळे आधीच ओळखीची असते. त्या ओळखीवर हे सारे उभे करता आले असते, आणि ज्यांना परकी नावे जड जात होती त्यांनाही आठवे सत्र चटकन उमगले असते.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात लिहितो. वर्ग ठरल्या वेळेला सुरू होतो. लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी दोन मजल्यांचा विचार करावा. उन्हाळ्यात एका कूलरवर भागत नाही. एप्रिलमधल्या संध्याकाळी खिडक्या उघडल्या की रस्त्याचा आवाज येतो आणि लावल्या की जीव घुसमटतो. चहा मिळतो. सोबत दिलेली पुस्तिका मजकुराने चांगली आहे, परंतु छपाईच्या चुका बऱ्याच आहेत, आणि मेरीच्या युक्तिवादातील दुसऱ्या विधानात 'नवी' हा शब्दच गळाला आहे, त्यामुळे तो वाचून कोणालाही काही बोध होणार नाही. ती सुधारून पुन्हा छापावी. ध्वनिमुद्रण मिळत नाही, आणि एखादा रविवार चुकला तर त्याची भरपाई करण्याची सोय नाही. मध्येच परगावी जावे लागणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावे.

पूर्वतयारी कोणतीही लागत नाही. अकरावी-बारावीच्या पुढचा विद्यार्थी सहज समजू शकेल, आणि अण्णांसारख्या माणसाने तर वर्गाला समजावले. ज्यांना आत्म्याच्या अस्तित्वाचा पुरावा हवा आहे किंवा तो नसल्याचा पुरावा हवा आहे, त्यांना तो इथे मिळणार नाही. शेवटच्या सत्रात व्यावसायिक तत्त्वज्ञांच्या २०२० मधील एका मोठ्या सर्वेक्षणाचे आकडे सांगितले गेले: मनाच्या बाबतीत सुमारे ५२ टक्के भौतिकवादाकडे झुकलेले, सुमारे ३२ टक्के त्याविरुद्ध, उरलेले अन्यत्र. दोन्हीकडच्या 'सर्व विद्वानांचे यावर एकमत आहे' या वाक्याला इतके नेमके उत्तर मी पूर्वी ऐकले नव्हते.

आयोजकांना माझी विनंती एवढीच की पुढच्या तुकडीत चाल्मर्सच्या दोन सत्रांचे एक करावे, किम यांचे सत्र त्याआधी घ्यावे, आणि वाचलेली संध्याकाळ शंकरभाष्यातील त्या दोन युक्तिवादांना द्यावी. सांख्याला स्वतंत्र सत्र द्यायचे म्हणून १० ऐवजी ११ सत्रे झाली आणि शुल्क थोडे वाढले तरी मी पुन्हा नाव नोंदवीन.